१ जानेवारी २०१०: अचूक नियम चुकला तेव्हा

'जुन्या डेटावर तपासलं, एकदाही चुकलं नाही' हे वाक्य प्रबंधात लिहायचा मोह होतो. मलाही झालाय. तेव्हा स्पॅमअसॅसिनची ही गोष्ट आठवावी.

स्पॅमअसॅसिन म्हणजे मेल सर्व्हरवर स्पॅम ओळखणारं मुक्त सॉफ्टवेअर. जस्टिन मेसनने २००१ मध्ये सुरू केलेलं. ते प्रत्येक मेलवर शेकडो छोटे नियम लावून बघतं. लागू पडलेल्या नियमांच्या गुणांची बेरीज ५ झाली की मेल स्पॅम. आणि हे गुण कुणी अंदाजाने देत नाही. आधीच खरे-खोटे असे वेगळे केलेले मेल घेऊन, त्यांवर गणित चालवून ते ठरतात.

स्पॅमवाले तेव्हा मेलवर मुद्दाम पुढची तारीख टाकायचे, म्हणजे इनबॉक्समध्ये मेल सगळ्यात वर दिसतो. म्हणून २००७ च्या ३.२ आवृत्तीत एक नियम आला: तारखेत २० नंतर १ ते ९ पैकी आकडा आणि त्यापुढे कुठलाही आकडा असेल, तर मेल संशयित. म्हणजे २०१० ते २०९९. आता २०१० ची तारीख असलेला खरा मेल त्या जुन्या साठ्यात असणार कुठून? त्यामुळे नियमाने एकही खरा मेल पकडला नाही, आणि गणिताने त्याला ३.६ पर्यंत गुण बहाल केले!

२०१० उजाडलं आणि जवळजवळ प्रत्येक मेलला हे गुण आपोआप चिकटू लागले. काठावरचे साधे मेलही ५ च्या पुढे जाऊन स्पॅममध्ये पडायला लागले. कारण शोधणं मात्र अवघड नव्हतं. मेलच्या हेडरमध्ये कुठले नियम लागले त्यांची नावं येतात. दोन-चार मेल शेजारी ठेवले की सगळीकडे तेच नाव. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी स्थानिक सेटिंगमध्ये त्याचे गुण शून्य केले, किंवा त्याच दिवशी आलेलं अपडेट घेतलं.

मला खटकते ती वेगळीच गोष्ट. ही चूक आधीच कुणाच्या तरी लक्षात आली होती. विकासाच्या शाखेत दुरुस्तीही झाली होती, फक्त ती ३.२ वापरणाऱ्यांपर्यंत पोचलीच नव्हती. आणि दुरुस्ती काय, तर १ च्या जागी २. म्हणजे तोच घोळ २०२० वर ढकललेला.