गहाण पडलेला मुलूख

इंग्रजी सत्तेच्या प्रसाराचा इतिहास लिहिताना आपली लेखणी प्लासी, खडकी आणि अष्टीच्या रणांगणांवर रेंगाळते. धाराशिवच्या मुलखात मात्र ती सत्ता हिशेबाच्या चोपड्यांतून आली. निजामाच्या खर्चाने, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली पोसल्या जाणाऱ्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेचा पगार वर्षानुवर्षे थकत गेला, देण्याचा डोंगर वाढला, आणि अखेर २१ मे १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा पट्टा त्या फौजेच्या खर्चापोटी कंपनी सरकारकडे लावून देण्यात आला. ज्यांच्या शेतसाऱ्यातून हे देणे फिटावयाचे होते, त्या रयतेचे या व्यवहारात नावही निघाले नाही.

नव्या अमलाचा कारभार मेडोज टेलर यांच्याकडे आला. हा गृहस्थ पोरवयापासून निजामाच्या चाकरीत वाढलेला, याच मुलखात पूर्वी पोलिसी बंदोबस्ताचे काम केलेला आणि १८३९ साली ठगांवरील कादंबरीने विलायतेत नाव कमावलेला होता. बोरी नदीला बांध घालून त्याच्याच पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने १६१३ साली जेथे पाणीमहाल उभारविला, त्या नळदुर्गात राहून त्यांनी जमिनीची पाहणी, रस्ते आणि महसुलाची घडी यांत चार वर्षे खर्च केली. परक्या राज्यकर्त्याविषयी लिहिताना सावधगिरी बाळगावी हे खरे. तथापि तुळजापूरच्या पुजाऱ्याची कन्या नायिका कल्पून ‘तारा’ ही कादंबरी पुढे १८६३ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या या माणसाचा येथील जनांशी जिव्हाळा जडला होता, हे मान्य न करणे अन्यायाचे होईल. १८५७ च्या ऑगस्टमध्ये त्यांची वऱ्हाडात रवानगी झाली.

१८५७ च्या बंडात हैदराबाद दरबार दिवाण सालारजंगांच्या धोरणाने इंग्रजांच्या पाठीशी राहिला, आणि त्याचे इनाम म्हणून १८६० मध्ये पन्नास लाखांचे कर्ज माफ होऊन धाराशिव व रायचूर निजामास परत मिळाले. देण्यापोटी गेलेली प्रजा इनामापोटी परतली! त्यानंतर सालारजंगांची जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत आखणी, आली. दफ्तराची भाषा १८८४ पर्यंत फारसी, पुढे उर्दू. जिल्ह्याचे ठाणे १९०४ साली नळदुर्गहून धाराशिवला हलले आणि कालांतराने निजाम मीर उस्मान अलीखानांच्या नावावरून ते उस्मानाबाद झाले. रयतेच्या मुखी मराठी आणि सरकारी कागदावर परकी लिपी, ही दशा पिढ्यान्‌पिढ्या चालली. म्हणूनच १९२१ मध्ये हिप्परगा येथे निघालेल्या राष्ट्रीय शाळेचे महत्त्व मला कोणत्याही तहाहून अधिक वाटते. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ येथेच मुख्याध्यापक होते, आणि संस्थानात राजकीय सभेलाही परवानगी दुर्मिळ असताना या आडगावी स्वदेशाभिमानाचे शिक्षण मिळत होते.

संस्थान भारतात सामील करून घेण्यासाठी १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे सोलापूरहून निघालेल्या भारतीय सेनेने नळदुर्गचा बोरीवरील पूल उडविला जाण्यापूर्वीच ताब्यात घेतला, आणि रणगाड्यांना जळकोट, उमरग्याची वाट मोकळी झाली. १७ सप्टेंबरला संस्थानाने शस्त्रे ठेवली. तो दिवस आपण उत्साहाने साजरा करतो आणि तो तसा करावाच. परंतु पुढच्या आठ वर्षांत जे घडले त्याकडे आपले लक्ष पुरेसे जात नाही, याची खंत वाटते. १९४९ मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्या, १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने कसणाऱ्याच्या हक्काला संरक्षण मिळाले, १९५२ च्या निवडणुकीत येथल्या प्रौढ स्त्रीपुरुषांनी प्रथमच मत देऊन आपले प्रतिनिधी हैदराबादच्या विधानसभेत पाठविले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा मराठवाड्यासह द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला, तेव्हा या मुलखाच्या हस्तांतरावर प्रथमच लोकांनी निवडलेल्या संसदेत चर्चा होऊन कायदा झाला होता.