एकच सिनेमा, बाकी सगळी तालीम

सत्यदेव दुबे या माणसाचे आमच्या घरात दोन इतिहास नांदत होते, एक काकाचा आणि एक काकूचा. काका विमा कंपनीत कारकून. संध्याकाळी ऑफिस सुटलं की दादर-ताडदेवकडच्या कुठल्या ना कुठल्या तालमीत जाऊन बसायचा. कधी दिवे धरायचा, कधी तीन वाक्यांची भूमिका पदरात पडायची. तो दुबेंना सरळ अरेतुरे करायचा. काकूने तालीम कधी पाहिली नाही, पण प्रयोग एकही चुकवला नाही. ती ‘दुबेजी’ म्हणायची. दोघांच्या हकिगती क्वचितच जुळायच्या. मला मात्र दोघांच्या मधली जागा सांगायची आहे.

एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं. दुबे क्रिकेटर व्हायला मुंबईत आले होते. जन्म 1936 चा, बिलासपूरचा. मराठी ही त्यांची घरची भाषा नव्हे. क्रिकेट राहिलं बाजूला आणि हा मुलगा इब्राहिम अल्काझींच्या थिएटर युनिटमध्ये शिरला. 1962 मध्ये अल्काझी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची सूत्रं घ्यायला दिल्लीला गेले आणि थिएटर युनिट दुबेंच्या अंगावर पडलं. पंचविशीतल्या माणसाने त्याच वर्षी कुठलं नाटक करावं? धर्मवीर भारतींचं ‘अंधायुग’. भारतींनी ते लिहिलं रेडिओसाठी, म्हणजे ऐकण्यासाठी. दुबेंच्या पुढच्या सगळ्या कारभाराची चावी मला इथेच सापडते. या माणसाला नाटक आधी ऐकू यायचं, मग दिसायचं.

पुढे मोहन राकेश, बादल सरकार, गिरीश कार्नाड, विजय तेंडुलकर अशा चार भाषांतल्या चार माणसांची नाटकं त्यांनी मुंबईत एका दोरीत ओवली. काका म्हणायचा, “आम्हाला बंगाली येत नव्हतं, कानडी येत नव्हतं, पण सरकार आणि कार्नाड आमच्या गल्लीत राहतात असं वाटायचं.” त्या काळी हे सगळं पोटापाण्याची नोकरी सांभाळून चालायचं. अमरीश पुरी राज्य कर्मचारी विमा महामंडळात, अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात आणि सुलभाताई देशपांडे छबिलदास शाळेत बाई. काकाच्या मते मराठी प्रायोगिक रंगभूमीची वेळ सरकारी कचेऱ्यांनी ठरवली. सहाला ऑफिस सुटतं, म्हणून सातला तालीम. यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नसावी.

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ची गोष्ट काकू सांगायची. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने ते 1967 च्या डिसेंबरात केलं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे आणि लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभाताई. बेणारेचं शेवटचं लांबलचक स्वगत तेंडुलकरांनी आधी लिहिलंच नव्हतं. अरविंद देशपांडे हात धुऊन मागे लागले तेव्हा ते कागदावर उतरलं, असं काकूचं म्हणणं, आणि नाटकवाल्यांतही ही हकीगत अशीच सांगतात. नाटकातली बेणारे शाळेतली बाई. गावातल्या एका हॉलमध्ये वेळ घालवायला लुटुपुटीचा खटला सुरू होतो आणि बघता बघता तिच्या पोटातल्या मुलापर्यंत, तिच्या नोकरीपर्यंत पोचतो. ती भूमिका करणारी बाई दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच वर्गावर जायची. काकू हे सांगताना नेहमी थांबायची आणि म्हणायची, “विचार कर, दुसऱ्या दिवशी मुलं ‘एक साथ नमस्ते’ म्हणणार!”

दुबेंनी हे नाटक आधी हिंदीत रंगमंचावर आणलं आणि 1971 मध्ये त्याचा मराठी सिनेमा केला. त्यापूर्वी त्यांच्या नावावर ‘अपरिचय के विंध्याचल’ आणि ‘टंग इन चीक’ असे दोन छोटे चित्रपट होते. या सिनेमाची पटकथा खुद्द तेंडुलकरांची. कॅमेरा गोविंद निहलानींचा. व्ही. के. मूर्तींच्या हाताखाली तयार झालेले निहलानी इथे पहिल्यांदा स्वतंत्रपणे छायाचित्रण करत होते. पालेकरांचा हा पहिला सिनेमा. पुरी होते, अरविंद देशपांडे होते आणि बेणारे अर्थात सुलभाताईच. स्टार एकही नाही. तालमीतलीच माणसं उचलून कॅमेऱ्यासमोर उभी केली होती.

काकाला हा सिनेमा आवडला नाही. “सिनेमा डोळ्यांनी काढायचा असतो, याने कानांनी काढला,” हा त्याचा ठरलेला शेरा. तक्रार अगदीच चुकीची नाही. पण मला वाटतं, ती बरोबर असूनही तिचा निकाल उलटा लागतो. बेणारेवर जो अत्याचार होतो, तो बोलून होतो. सुशिक्षित, शुद्ध, कोर्टाच्या भाषेतली वाक्यं तिला एकेक करून कोपऱ्यात ढकलतात. असा सिनेमा कानाने काढला नाही तर कशाने काढायचा?

त्या सुमारास थिएटर युनिटने तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ही केलं. 1970 चं, श्रीराम लागूंच्या दिग्दर्शनाखाली. सेन्सॉरने साडीवरचा तांबडा डाग चालणार नाही म्हटलं. तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि प्रेक्षकांना सांगण्यात आलं की तो तांबडा समजावा. ही हकीगत आमच्या घरी इतक्यांदा सांगितली गेली की आम्हा पोरांना नाटक ठाऊक नसतानाही डाग ठाऊक होता.

आणि मग शिकवणं. दुबेंनी पुन्हा पूर्ण लांबीचा सिनेमा फारसा मनावर घेतला नाही, पण कार्यशाळा शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. त्यांत आधी बोलायला शिकवायचं, हिंडाफिरायचं नंतर. हिंदी कविता पाठ करायच्या, शब्द कुठे तुटतो ते पाहायचं, श्वास कुठे घ्यायचा ते ठरवायचं. शिव्या भरपूर. सुनील शानबाग, चेतन दातार, नीना कुलकर्णी, किशोर कदम, सोनाली कुलकर्णी अशा कितीजणांच्या बोलण्यावर त्या तालमीचा हात फिरलेला आहे.

तो हात आडवळणाने आमच्याही घरापर्यंत आला. रविवारी सकाळी काका आम्हाला वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने वाचायला लावायचा. लांबलचक वाक्य, मध्ये दोन ‘की’, एक ‘परंतु’, आणि शेवटी बिचारं क्रियापद. तिथवर पोचेपर्यंत आमचा दम संपलेला असायचा आणि ‘आहे’ ओठांतच विरायचं. काका वही आपटायचा. “क्रियापद गिळू नकोस! मराठी माणूस वाक्याचा निकाल शेवटी सांगतो आणि तिथेच आवाज टाकतो!” मग वाक्याच्या मधोमध बोट ठेवून म्हणायचा, इथे श्वास घे, चोरून, कुणाला कळता कामा नये. ही विद्या कुठून आली हे विचारायची गरज नव्हती. फी मात्र आम्हाला पडली नाही.

1978 च्या नोव्हेंबरात जुहूला पृथ्वी थिएटर उघडलं तेव्हा पहिला प्रयोग गो. पु. देशपांड्यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चा होता, हिंदीतून. त्यात नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी होते. या नाटकात हाणामारी वगैरे काही नाही. एका प्राध्यापकाची चौकशी चाललेली असते आणि माणसं बोलत राहतात. नवं कोरं थिएटर उघडायला याहून गैरसोयीचं नाटक निवडणं कठीण. काकू लोकल पकडून गेली, काका म्हणे सर्दी झाली म्हणून गेला नाही. 2011 मध्ये दुबेंना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला ते गेले. त्या वेळी दोघंही हयात होती. पेपर वाचून काका पहिल्यांदाच ‘दुबेजी’ म्हणाला आणि काकूने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

‘शांतता’नंतर सिनेमावाले दुबे मात्र संपले नव्हते. ते दुसऱ्यांच्या सिनेमांत गेले. श्याम बेनेगलांच्या ‘अंकुर’चे आणि ‘निशांत’चे संवाद त्यांचे. ‘निशांत’ची पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच. हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावरून झालेल्या ‘भूमिका’च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यात कार्नाड आणि बेनेगलांबरोबर दुबेही होते. ‘जुनून’च्या संवादांना फिल्मफेअर मिळालं. एका चित्रपटाचा दिग्दर्शक म्हणून त्यांची नोंद करणं मला म्हणूनच कोतं वाटतं. सत्तरच्या दशकातल्या समांतर सिनेमातली माणसं कशी बोलतात, हे बऱ्याच अंशी दुबेंनी ठरवलं.

1980 च्या ‘आक्रोश’मध्ये तर ती जुनी मंडळी पुन्हा एकत्र आली. दिग्दर्शक निहलानी, पटकथा तेंडुलकर, सरकारी वकील अमरीश पुरी, संवाद दुबे. पुन्हा कोर्ट, पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात एक माणूस, आणि हा लहान्या भिकू, म्हणजे ओम पुरी, जवळजवळ अख्ख्या सिनेमात तोंड उघडत नाही. आयुष्यभर लोकांना बोलायला शिकवणाऱ्या माणसाने, नायक गप्प असलेल्या सिनेमाचे संवाद लिहिले. काकाला मी एकदा विचारलं, हा तरी आवडला का? तो म्हणाला, “हा बरा आहे. यात दुबेने बाकीच्यांना बोलायला लावलंय, आणि ते सगळे खोटं बोलतायत.”