बोस्टनची वाट

दिवाळीच्या सुमारास फुलचूरच्या बांध्यांमध्ये धान पिवळे पडलेले असते. गोंदिया शहराला लागूनच असलेले हे गाव. इथल्या एखाद्या घरात बारावीला बसलेला मुलगा किंवा मुलगी असावी, अभ्यासात हुशार असावी, आणि फराळाला बसल्यावर विषय निघावा, तो अमेरिकेतल्या इंजिनियरिंग कॉलेजांचा. मोठ्या नावाच्या ठिकाणी अर्ज करावा, की जिथे प्रवेशाची आशा अधिक तिथे? मामा एक सांगतात, काका दुसरे. वडील गप्प असतात, कारण त्यांच्या मनात खर्चाचा हिशेब चाललेला असतो. प्रश्न नवा वाटतो खरा. परंतु मराठी घरांत तो पडू लागला त्याला आता एकशेचाळीस वर्षे होऊन गेली.

त्या काळी परदेशी शिकायला जाणे म्हणजे विलायतेस जाणे. तिकडून बॅरिस्टर होऊन यावे किंवा आय.सी.एस. व्हावे, ही थोर महत्त्वाकांक्षा. पुण्यात इंजिनियरिंगचा वर्ग १८५४ पासून होता. पण त्याचा मुख्य हेतू सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसे पुरवण्याचा. अशा वेळी १८८२ साली पुण्याचे केशव मल्हार भट थेट बोस्टनला गेले आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखल झाले. आज जगभर एम.आय.टी. म्हणून गाजणारी ही संस्था तेव्हा कोवळीच होती. तिचे वर्ग सुरू होऊन सतराच वर्षे झाली होती. तिथे पाऊल ठेवणारे भट हे पहिले भारतीय. १८८४ साली पुण्याच्या 'मराठा' पत्राने या संस्थेची वाचकांना ओळख करून दिली. यंत्रे विकत घेणारा देश यंत्रे घडवू कधी लागणार, ही त्यामागची तळमळ.

आपल्या विदर्भातूनही एकजण गेला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. त्यांनी धरलेली वाट निराळी. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या उत्पन्नावर शेती व यंत्रविद्या शिकवणारी सरकारी कॉलेजे उभी राहिली. ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या अशा कॉलेजांत खानखोजे शेतकी शिकले. पुढे गदर चळवळीत पडल्यामुळे मायदेशाचे दार त्यांना बंद झाले. मग मेक्सिकोत, चापिंगोच्या शेतकी शाळेत, त्यांनी शिकवले आणि मक्यावर संशोधन केले. स्वातंत्र्यानंतर ते परत येऊ शकले. १९६७ साली नागपुरात त्यांचे निधन झाले. विद्या वाया गेली नाही. पण तिचे पीक दुसऱ्याच्या शेतात आले.

तिसरे नाव किर्लोस्करांचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. पुढे लोखंडी नांगर काढले आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव १९२२ साली एम.आय.टी.त गेले. हिंदी मजुरांना अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने दार लावले होते, विद्यार्थ्यांना तेवढे ते उघडे होते. १९२३ साली तर हिंदी माणसाला अमेरिकेचे नागरिक होता येणार नाही, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकालच दिला. अशा देशात शिकायचे ते परतण्यासाठीच. १९२६ साली यंत्रविद्येची पदवी घेऊन शंतनुराव परतले, आणि १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. विहिरीवरच्या इंजिनाची फटफट ज्यांनी ऐकली आहे, त्यांना त्या पदवीचे मोल निराळे सांगायला नको.

आता फराळाच्या ताटाकडे परत येऊ. वडिलांच्या हिशेबात एक गोष्ट जरूर धरावी. मोठे नाव म्हणजे मोठा खर्च, असे नेहमीच नसते. एम.आय.टी. प्रवेश देताना परदेशी मुलाचीही ऐपत पाहत नाही, आणि प्रवेश मिळाल्यावर कमी पडणारा पैसा स्वतः घालते. मात्र तिथे जागा थोड्या आणि अर्ज फार. उलट, फी कमी वाटणारी पुष्कळशी सरकारी कॉलेजे परदेशी मुलाला फारशी मदत करीत नाहीत. म्हणून नुसत्या नावावर किंवा नुसत्या फीच्या आकड्यावर भुलू नये. अर्ज दोन्हीकडे करावेत.

परंतु या सगळ्या हिशेबाआधीचा एक प्रश्न आहे. भट, खानखोजे, शंतनुराव यांनी निरनिराळी कॉलेजे धरली. पण घडवायचे काय, पिकवायचे काय, हा विचार घेऊन ही माणसे सातासमुद्रापार गेली. आजच्या मुलाला त्यांना नसलेली एक मोकळीक आहे. तो तिथेच राहूही शकतो. त्याने राहावे की परतावे, हे त्याचे त्याने ठरवावे. मात्र कुठे जायचे हे ठरण्याआधी कशासाठी जायचे, एवढे त्याला घरातल्या कुणीतरी मायेने विचारावे. फराळ संपायच्या आत त्याचे उत्तर मिळाले नाही तरी चालेल. प्रश्न मात्र विचारलेला असावा.