फडातून वाचायचा इतिहास
सातारा-सांगलीच्या तमाशाचा विषय निघाला की आधी रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आठवतात. जन्माने ब्राह्मण असलेला हा शाहीर फडात उतरला, हे मोठंच धाडस. म्हणून काही जण तमाशा सर्व जातींचा होता, दलितांचं वेगळं श्रेय कशाला, असं विचारतात. पण बापूरावांच्या लावण्या रंगमंचावर जिवंत केल्या त्या महार समाजातल्या पवळाबाईंनी. आणि ढोलकी, हलगी, सोंगाड्याचा हजरजबाबीपणा हे सारं महार-मांग कलावंतांनी पिढ्यान् पिढ्या घडवलेलं. नाव लेखणीला मिळालं, घाम फडाचा होता.

वाटेगावच्या, मांग समाजातल्या अण्णा भाऊ साठे यांनी मात्र लेखणीही हाती घेतली. अमेरिकेत कृष्णवर्णीय व्यंगचित्रकार जॅकी ऑर्म्स १९३७ पासून कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात चित्रमालिका काढू लागल्या, तसंच इथेही ज्यांची सोंगं काढली जात तेच कथा सांगू लागले. १९४४मध्ये शाहीर अमर शेख आणि शाहीर गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारून अण्णा भाऊंनी तमाशातली गौळण वगळली, गणात मायभूमीला आणि शिवरायांना वंदन केलं, वगात, म्हणजे तमाशाच्या नाट्यभागात, कामगार आणला. या बदलांना निव्वळ कम्युनिस्ट पक्षाचा प्रचार म्हणणं मला पटत नाही. वगाची बांधणी त्यांना पक्षाने दिलेली नव्हती. ती त्यांच्या नात्यातल्या तमाशातून आलेली होती.