कृष्णद्रव्य की नवा गुरुत्वनियम?

देवयानी दीर्घिकेच्या भ्रमणवेगाची मोजमापे व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केली. केंद्रापासून दूर गेल्यावर वेग घटायला हवा होता. तो फारसा घटत नव्हता. न दिसणारे कृष्णद्रव्य मानले, तर हे कोडे सुटते. मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये दुसरी वाट धरली. त्वरण फारच क्षीण झाले, म्हणजे वेग दर सेकंदाला प्रतिसेकंद एका मीटरच्या सुमारे ८०० कोटीव्या भागापेक्षाही कमी बदलू लागला, की न्यूटनचा नियम बदलतो, असे त्यांनी मांडले. मग भ्रमणवेगाचा चतुर्थ घात दृश्य वस्तुमानाच्या प्रमाणात येतो. असंख्य दीर्घिकांत तो तसाच आढळतो, आणि तोही एकाच स्थिरांकावर. कृष्णद्रव्याच्या समर्थकांनी हे यश किरकोळ समजू नये.

दीर्घिकांच्या गुच्छांत मात्र गाडी अडते. नियम बदलूनही तिथे वस्तुमान सुमारे दुपटीने कमी पडते.

खरी कसोटी लागली ती प्रकाशाच्या बाबतीत. जेकब बेकेनस्टाइन यांनी २००४ मध्ये मिलग्रोमच्या कल्पनेला सापेक्षतावादी रूप दिले. त्यात प्रकाशावर जादा क्षेत्रांचा परिणाम होतो, गुरुत्वीय तरंगांवर होत नाही. त्यामुळे एकाच घटनेचे हे दोन निरोप पृथ्वीवर शेकडो दिवसांच्या अंतराने पोचायला हवेत. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचे तरंग नोंदले गेले आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. प्रवास होता सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांचा! बेकेनस्टाइन यांचा सिद्धांत मूळ रूपात तिथेच संपला. पळवाट नसलेले भाकीत केल्यामुळेच तो इतका स्वच्छ हरला, हे त्याच्या कर्त्याला शोभणारेच.

मिलग्रोमच्याच वाटेवरचा, स्कोर्डिस आणि झ्लोश्निक यांचा २०२१ चा सिद्धांत ही चाचणी पार करतो, विश्वाच्या पार्श्वप्रारणाशीही जुळतो. पण त्यातले नवे क्षेत्र आरंभीच्या विश्वात दाबरहित धुळीसारखे वागते. म्हणजे कृष्णद्रव्य पुढच्या दाराने घालवले आणि मागच्या दाराने आत घेतले, असे मला वाटते.

आता वाद आला आहे एकमेकांपासून हजारो खगोलीय एकके दूर असलेल्या जोडताऱ्यांवर. त्यांच्यात कृष्णद्रव्याचा वाटा नगण्य, त्वरण मात्र पुरेसे क्षीण. गाया उपग्रहाच्या त्याच नोंदींतून २०२३ मध्ये एका गटाला न्यूटनपासूनचे विचलन दिसले, तर दुसऱ्याला न्यूटनच बरोबर ठरला. अडचण लपलेल्या तिसऱ्या ताऱ्याची आहे. तोही जोडीचा सापेक्ष वेग वाढलेला दाखवतो. अशी त्रिकुटे खात्रीने वगळली जात नाहीत, तोवर या जोड्यांचा दाखला कोणत्याही बाजूने देऊ नये.