विरहांतील हंसूं : ‘गाथासप्तशती’पासून ‘मुंबई-पुणे-मुंबई’पर्यंत

प्रेमिकांमध्यें अंतर पडलें म्हणजे काव्य जन्मास येतें, ही समजूत फार जुनी आहे. त्याच अंतरांतून हंसूंही जन्मास येतें, ही गोष्ट मात्र सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. सतीश राजवाडे यांनीं दिग्दर्शित केलेला ‘मुंबई-पुणे-मुंबई’ हा चित्रपट २०१० सालीं प्रदर्शित झाला. दोन शहरांतील एक तरुण आणि एक तरुणी यांची ही खेळकर प्रेमकथा प्रेक्षकांस इतकी आवडली कीं, २०१५ व २०१८ सालीं तिचे आणखी दोन भाग निघाले. कथा आजकालची खरी. परंतु तिच्या मागची वाट पुष्कळ जुनी आहे. ती पैठणाहून निघते आणि नरसी गांवावरून जाते.

गोदातीरींच्या प्रतिष्ठान नगरीशीं, म्हणजे आजच्या पैठणाशीं, ज्याचें नांव जोडलेलें आहे त्या हाल सातवाहनानें माहाराष्ट्री प्राकृतांतील सुमारें ७०० गाथांचा संग्रह केला, अशी परंपरा आहे. हीच ‘गाथासप्तशती’. तींतील कित्येक गाथांचा नायक पथिक आहे. तो परत येण्याचा दिवस सांगून परमुलखीं जातो आणि स्त्री घरीं वाट पाहते. एका गाथेंतील स्त्री, पति गेल्याचे दिवस मोजावे म्हणून भिंतीवर रेघा ओढूं लागते. आणि पहिला अर्धा दिवस सरतो न सरतो तोंच भिंत रेघांनीं भरून जाते! दुसऱ्या एका गाथेंत मैत्रिणी गुपचूप येऊन भिंतीवरील दोनतीन रेघा पुसून टाकतात. कारण ठरलेला दिवस जवळ आला असून, तो परतेल कीं नाहीं याची त्यांस धास्ती वाटते आहे. वाचक पहिल्या गाथेला हंसतो आणि दुसरीपाशीं गप्प होतो. अंतर मोजण्याचें काम स्त्रीचें. तें पाडण्याचा आणि मिटविण्याचा अधिकार मात्र पुरुषाचा, अशी त्या जगाची वांटणी होती.

त्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनीं ही स्त्री तोंड उघडून बोलूं लागलेली दिसते. हिंगोली जिल्ह्यांतील कयाधू नदीच्या कांठचें नरसी हें गांव संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून नरसी नामदेव या नांवानें प्रसिद्ध आहे. परंपरेप्रमाणें त्यांचा जन्म १२७० सालचा. त्यांचें मन पंढरीस गुंतलें आणि पावलें उत्तरेकडे वळलीं. पंजाबांतील घुमान येथें त्यांच्या वास्तव्याची स्मृति जपली जाते, आणि गुरु ग्रंथ साहिबांत त्यांचीं ६१ पदें आहेत. भक्तीच्या इतिहासांत ही यात्रा थोर खरीच. पण घराच्या उंबऱ्यावरून ती कशी दिसत असेल?

त्याचें उत्तर नामदेवांच्या गाथेंतच आहे. तींत त्यांची आई गोणाई व पत्नी राजाई यांच्या नांवांवर अभंग आहेत. ते त्यांनीं स्वतः रचिले कीं पुढील कवींनीं त्यांच्या तोंडीं घातले, याविषयीं अभ्यासकांत मतभेद असूं शकेल. परंतु परंपरेनें या घरगुती तक्रारी गाळल्या नाहींत, हें महत्त्वाचें. राजाई आपलें गाऱ्हाणें थेट रुक्मिणीकडे नेते. तुमच्या यजमानांनीं माझ्या यजमानांस वेड लावलें आहे, तेव्हां त्यांस चार शब्द सांगा, असा तिचा एकंदर भाव. एका बायकोनें नवऱ्याचें गाऱ्हाणें दुसरीपुढें मांडावें आणि ती दुसरी प्रत्यक्ष देवाची पत्नी असावी, यांतील विनोद लहान मुलालाही कळेल. या विनोदाच्या मागें रिकामी चूल आहे. राजाईला वाणी मिळाली. वाट मात्र मिळाली नाहीं.

पुढें वाटा सुधारल्या. १८६३ सालीं बोरघाटांतून मुंबई-पुणें आगगाडी सुरू झाली. १९३० च्या १ जूनला ‘डेक्कन क्वीन’ धांवूं लागली. २००२ सालीं द्रुतगति महामार्ग पूर्ण झाला. तथापि केवळ वाहनांनीं विरह संपला नाहीं. देशावरून आगगाडीनें आणि कोंकणांतून आगबोटीनें हजारों पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले आणि त्यांच्या बायका गांवीं मनिऑर्डरीची वाट पाहत राहिल्या. रस्ता झाला म्हणजे ज्याच्यापाशीं तिकीट आहे तोच निघतो. घरांत राहणारीची वाट तितकीच लांब उरते.

‘मुंबई-पुणे-मुंबई’मध्यें नेमकी हीच वांटणी उलटली आहे. येथें प्रवासाला निघते ती तरुणी. मुक्ता बर्वे यांनीं साकारलेली ही नायिका घरच्यांनीं सुचविलेल्या स्थळास नकार देण्यासाठीं मुंबईहून पुण्यास येते. पत्ता विचारतां विचारतां तिला एक तरुण भेटतो. ही भूमिका स्वप्नील जोशी यांची. मुंबई बरी कीं पुणें, या वादांत दोघांचा दिवस शहरभर भटकण्यांत जातो. ज्याला नाकारावयास ती आली तो हाच, हें तिला शेवटीं कळतें. सबंध दिवस खरी गोष्ट त्याला ठाऊक असते, आणि निर्णयाची वाट पाहणें त्याच्या वाट्यास येतें. जाण्याचा, परतण्याचा आणि नाहीं म्हणण्याचा अधिकार तिच्या हातीं आहे. म्हणूनच येथें प्रेक्षक मोकळ्या मनानें हंसतो आणि त्याला मागाहून गप्प व्हावें लागत नाहीं.

हा मोकळेपणा सर्वांच्या वाट्यास आला आहे, असें मात्र कोणी समजूं नये. सीमेवरील शिपायाच्या घरीं आणि परदेशीं गेलेल्या नोकरदाराच्या घरीं आजही दिवस मोजले जातात. भिंतीऐवजीं दूरध्वनीकडे पाहिलें जातें, इतकेंच. अशा घरांतील स्त्री हा चित्रपट पाहून हंसेल, तेव्हां तिच्या हंसण्यांत राजाईच्या गाऱ्हाण्याचाही थोडा अंश असेल. तो ऐकूं येणें, हीच विरहाच्या विनोदाची खरी कसोटी होय.