ओट्यामागची टाइल निवडताना आधी खाली बघा

आजचा इतिहास कुठल्या गडावरचा नाही, आमच्या दादरच्या स्वयंपाकघरातला आहे. विषय आहे डॅडो, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या टाइल्स.

झालं असं, की आमच्या जुन्या डॅडोच्या टाइल्स भिंतीतून सुटायला लागल्या. नवीन लावायच्या तर आईची अट एकच: जमिनीवरच्या नक्षीच्या लाद्या आणि कडप्प्याचा ओटा फोडायचा नाही. मी दुकानातून पांढरीशुभ्र, चकचकीत टाइल नमुन्याला आणली आणि ओट्यावर उभी केली. टाइल झकास दिसत होती. पण खालची फरशी एकदम मळकट, पिवळट वाटायला लागली. आई हळूच म्हणाली, "एवढी वर्षं मी नीट पुसलीच नाही की काय गं?"

मला फार वाईट वाटलं. मग मी त्या लाद्यांचा इतिहास शोधायला बसले.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत नक्षीदार टाइल्स इंग्लंडहून जहाजाने यायच्या, मिंटनसारख्या कंपन्यांच्या. त्या मातीच्या, भट्टीत भाजलेल्या. पुढे १८९६ मध्ये शहरात प्लेग आला. दाटीवाटीची वस्ती मोकळी करायला १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यानेच दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती आखल्या. या नव्या घरांना फरशी लागणारच ना! १९२२ साली सिधवा या पारशी कुटुंबाने भारत टाइल्स सुरू केली. दिवस स्वदेशीचे होते, ते नावातच दिसतं.

आता खरी गंमत. सिमेंटची लादी भाजतच नाहीत. साच्यात नक्षीची धातूची जाळी ठेवायची, तिच्या एकेका कप्प्यात पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि खनिज रंग यांचं मिश्रण ओतायचं. जाळी उचलायची, मागे साध्या सिमेंटचे थर द्यायचे, यंत्राने जोरात दाबायचं आणि मग पाण्यात मुरवायचं. वर काचेसारखा थर नसतो. त्यामुळे तिचा पांढरा रंग दुधाचा नाही, सायीचा असतो. म्हणजे आईचं पुसणं चुकलं नव्हतं, माझी टाइल चुकली होती!

मग डॅडो कुठून आला? चूल जमिनीवर होती तेव्हा फोडणीचे शिंतोडेही खालीच उडायचे. १९५० च्या दशकात मुंबईत बर्मा शेलचा बर्शेन गॅस यायला लागला. उभ्याने स्वयंपाक करायची पद्धत वाढत गेली, विस्तव कमरेएवढा वर, भिंतीला खेटून आला. मग तेल भिंतीवर उडणारच. तिथे पुसता येईल असं काहीतरी हवं होतं, आणि ग्लेज्ड टाइल पटकन पुसली जाते. १९५८ मध्ये एच अँड आर जॉन्सनची भारतातली कंपनी सुरू झाली. तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात वय असं आहे: फरशी सगळ्यात जुनी, मग ओटा, आणि डॅडो सगळ्यात धाकटा. धाकट्यानं मोठ्यांशी जुळवून घ्यायचं, इतकं साधं गणित!

आमच्या माळ्यावर एक जादा लादी होती. ती पिशवीत घालून मी पुन्हा दुकानात गेले. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली नाही, बाहेर फुटपाथवर, दिवसाच्या उजेडात लादीशेजारी एकेक टाइल ठेवून पाहिली. शेवटी सायीच्या रंगाची, बेताच्या चमकीची, बिननक्षीची टाइल ठरली. नक्षी खाली आहेच, वर पुन्हा कशाला? सांधे भरायला कडप्प्याशी जुळणारा गडद राखाडी रंग घेतला, त्यावर हळदीचे डागही कमी दिसतात.

आणि हो, कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड. नवी टाइल चमकवायला लिंबू किंवा व्हिनेगर वापराल आणि ते खाली ओघळलं, तर ओट्यावर पांढुरके डाग पडतील. साधा साबणच बरा.

टाइल्स लागल्यावर आईने ओटा पुसला, मग खाली वाकून फरशी पुसली. म्हणाली, "आता कशी स्वच्छ दिसतेय!" फरशी तीच होती.

तुमच्या माळ्यावर अशी एखादी जादा लादी पडली असेल, तर ती भंगारात देऊ नका. पुढच्या दुरुस्तीला तीच उपयोगी पडेल. चला, भेटूया पुढच्या भागात!